गेंदाच्या डोक्यात काय आहे?

ये बाळ, या बांधावर बस. १९३० साली जंगल सत्याग्रहात आक्कादेवीच्या डोंगरावर आपली माणसं गोळ्यांना सामोरी गेली, त्यांचा स्मृतिदिन आपण चिरनेरकर २५ सप्टेंबरला पाळतो ना? नेमक्या त्याच दिवसांत भात निसवतं आणि पाणी तुंबलेल्या जागी हा गेंद फुलतो. पाऊस पडला की उगवायचं, पाणी आटायच्या आत फुलून बी टाकायचं आणि वाळून जायचं. एवढंच याचं आयुष्य.

बुडाशी बघ. खोड जवळजवळ नाहीच. अरुंद पानांचा झुबका थेट चिखलातून निघालाय. एक पान उन्हासमोर धर. बारीक जाळी दिसली? त्या पोकळ्यांत हवा असते. मुळंही पांढरी आणि आतून पोकळ कप्प्यांची. चिखलात प्राणवायू जवळजवळ नसतो, म्हणून वरची हवा अशी खाली पोचवावी लागते.

"पण आजोबा, फूल तर एकच आहे!"

तिथंच फसतात सगळे. टाचणीच्या डोक्याएवढी ही पांढरी गुंडी दिसते ना, ती एक फूल नाही. भिंग घे. दाटीवाटीनं बसलेली कितीतरी फुलं आहेत, प्रत्येक आपापल्या खवल्याआड. पांढरेपणा त्या खवल्यांवरच्या लवेचा. काही फुलं नर, काही मादी, पण राहतात एकाच गुंडीत. मधूनच काळे ठिपके दिसतात, ते नरफुलांचे परागकोश. एका फुलात सहा. मादीफुलाचं फळ तीन कप्प्यांचं आणि कप्प्यात एकेक बी, अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास.

भारतात गेंदाच्या ऐंशीहून अधिक जाती आहेत आणि त्यांतल्या कित्येक सह्याद्रीशिवाय जगात कुठंच नाहीत. दिसायला सगळ्या सारख्याच. म्हणून जात ठरवताना वनस्पतिशास्त्रज्ञ गुंडी सोडवून आतली फुलं बघतात, बियांवरची नक्षीसुद्धा तपासतात.

आपल्याला मात्र एक जात बोटांनीही ओळखता येईल. दांडा चिमटीत धरून हळूच फिरव. कंगोरे मोज. पाच? मग हा बहुधा 'एरिओकॉलॉन क्विनक्वँग्युलारे'. लिनियसनं १७५३ सालीच याला हे नाव देऊन ठेवलंय. आता पुढचा झुबका तू तपास, पण उपटू नकोस. वर्षायू झाड आहे. बी पडलं नाही, तर पुढल्या पावसाळ्यात इथं काय उगवणार?