वाद्य घडविणाऱ्याचें स्मरण

रायगडाच्या पायथ्याशीं पाचाड या गांवीं जिजाबाईंची समाधि आहे. राज्याभिषेकानंतर थोड्याच दिवसांनीं, १६७४ च्या जून महिन्यांत, त्यांचें येथेंच निधन झालें. त्या समाधीपुढें उभें राहिलें कीं मला शाहीर अज्ञानदास आठवतो. अफझलखानाच्या वधावर त्यानें पोवाडा रचला आणि शिवाजीमहाराज व जिजाबाई यांनीं त्याला घोडा व सोन्याचा तोडा बक्षीस दिला, अशी परंपरा आहे. शाहिराचें नांव राहिलें. परंतु पोवाड्याच्या साथीला जें तुणतुणें वाजतें, तें प्रथम कोणीं घडविलें? पोकळ नळकांड्याच्या तळाला कातडें मढवावें, त्यांतून तार काढून ती वर खुंटीला ताणावी, ही युक्ति कोणाला सुचली? त्याचें नांव कोणासहि ठाऊक नाहीं.

शाहिराचा गौरव आपण त्याचें कवन गाऊन करतों. वाद्य शोधून काढणाऱ्याचा गौरव कसा करावा? या प्रश्नाचें एक चांगलें उत्तर अमेरिकेंत मिळालें आहे. तेंच आज सांगावयाचें आहे.

लेस पॉल हा गिटारवादक ९ जून १९१५ रोजीं विस्कॉन्सिन राज्यांतील वॉकेशा येथें जन्मला. गिटारीचें पोट पोकळ असतें; तारेचा कंप त्या पोकळींत घुमतो. पुढें तारांखालीं चुंबक बसवून तो आवाज विजेनें वाढवूं लागले, तेव्हां निराळीच अडचण आली. कर्ण्यांतून निघालेला आवाज त्या पोकळ पोटाला पुन्हां हालवी, तो पुन्हां कर्ण्यांत जाई, आणि अखेर नुसता घोंघाट होई. लेस पॉलनें १९४० च्या सुमारास एक भरीव चौकोनी ओंडका घेतला व त्यावरच तारा आणि चुंबक बसविले. घोंघाट थांबला, आणि छेडलेला स्वर अधिक वेळ टिकूं लागला. रूप मात्र ओबडधोबड होतें, म्हणून त्यानें दोन्ही अंगांना जुन्या गिटारीचीं अर्धुकें जोडलीं! इतर कारागीरहि या वाटेनें जात होते. परंतु १९५२ सालीं गिब्सन कंपनीनें त्याच्या नांवाची भरीव गिटार विक्रीस काढली आणि तें नांव जगभर गेलें.

त्याचें दुसरें कार्य ध्वनिमुद्रणांतलें. एक मुद्रण वाजत असतां त्याच्या साथीनें आपण पुन्हां वाजवावयाचें, आणि दोन्ही मिळून नवें मुद्रण करावयाचें. असे प्रयत्न पूर्वींहि झाले होते. त्यानें त्यांची कला बनविली. १९४८ सालीं मोटारीच्या अपघातांत त्याच्या उजव्या कोंपराचा चुराडा झाला. तेव्हां गिटार धरतां येईल अशाच कोनांत हात जुळवावा, असें त्यानें डॉक्टरांना सांगितलें. पुढें १९५१ सालीं त्याची पत्नी मेरी फोर्ड हिचा एकटीचाच कंठ अनेक कंठांसारखा ऐकूं येणारी तबकडी निघाली आणि ती घरोघर वाजली.

उतारवयांत संधिवातानें त्याचीं बोटें आंखडलीं, तरी न्यूयॉर्कमध्यें दर सोमवारीं रात्रीं तो वाजवीत असे. १९९६ पासून ही बैठक इरिडियम नांवाच्या एका लहान मैफलखान्यांत होई. १२ ऑगस्ट २००९ रोजीं, वयाच्या ९४ व्या वर्षीं, तो वारला.

पुढच्या जूनमध्यें, त्याच्या ९५ व्या जयंतीला, इंग्लिश गिटारवादक जेफ बेक यानें त्याच इरिडियममध्यें मैफल केली. आयर्लंडची गायिका इमेल्डा मे हिनें मेरी फोर्डचीं गाणीं म्हटलीं. समोर ती एकटी उभी होती, आणि साथीला तिचेच आधीं मुद्रित केलेले स्वर होते. श्रोतेहो, त्या मैफलींतला खरा गौरव मला येथें दिसतो. आज कोणत्याहि गाण्यांत एकच कंठ स्वतःची साथ करतो. आपण तें सहज ऐकतों आणि ही किमया कोणाची, हें मनांतहि येत नाहीं. शोध जितका अंगवळणीं पडतो, तितका शोधक विसरला जातो. त्या रात्रीं मात्र गाण्याबरोबर त्याची युक्तीहि लोकांच्या डोळ्यांपुढें उभी राहिली.

तुणतुण्याच्या पहिल्या कारागिराचें नांव आतां मिळणार नाहीं. परंतु डफ मढविणारे, तार ओढणारे कारागीर आजहि आहेत. पाचाडला समाधीपुढें पोवाडा झाला, कीं शाहिराबरोबर ज्यानें तो डफ मढविला त्याचेंहि नांव घ्यावें. एवढें आपल्या हातीं आहे.