दीर्घकालीन सायनसदाहातील रोगनियंत्रणाचे मूल्यमापन

दीर्घकालीन सायनसदाह म्हणजे नाक आणि त्याभोवतीच्या हाडांतील पोकळ्या (सायनस) यांच्या अस्तराचा १२ आठवडे किंवा त्याहून अधिक काळ टिकणारा दाह होय. अनेक रुग्णांत हा विकार समूळ जात नाही. त्यामुळे उपचारांचे यश तो कितपत आटोक्यात आहे यावरून ठरवावे लागते. दम्याच्या बाबतीत ही कल्पना आधीच रूढ होती. सायनसदाहासाठी ती २०१२ च्या युरोपीय मार्गदर्शक दस्तऐवजात (ईपॉस) मांडण्यात आली व २०२० मध्ये तिच्यात सुधारणा झाली.

'नियंत्रण' आणि 'तीव्रता' या भिन्न बाबी आहेत. तीव्र आजारही योग्य उपचारांनी आटोक्यात राहू शकतो, तर सौम्य आजार उपचारांअभावी त्रासदायक ठरू शकतो. सीटी स्कॅनवर दिसणारा दाह आणि रुग्णाला होणारा त्रास यांचाही मेळ बसतोच असे नाही.

ईपॉस २०२० नुसार मागील एका महिन्यातील पाच लक्षणे पाहिली जातात: नाक चोंदणे, नाकातून किंवा घशात स्राव येणे, चेहऱ्यावर वेदना वा दाब, गंधज्ञान कमी होणे आणि झोपमोड अथवा थकवा. शक्य असल्यास दुर्बिणीने नाकातील अस्तर तपासले जाते. सातवा निकष मागील सहा महिन्यांत तातडीचे उपचार, म्हणजे पोटात घ्यायच्या स्टिरॉइडचा किंवा प्रतिजैविकांचा अल्प मुदतीचा क्रम, घ्यावे लागले का हा आहे. स्टिरॉइडच्या गोळ्यांनी काही आठवडे उत्तम आराम पडतो. तेवढ्यावरून आजार नियंत्रित मानल्यास दिशाभूल होते आणि वारंवार घेतलेल्या गोळ्यांनी हाडे ठिसूळ होणे, रक्तातील साखर वाढणे असे दुष्परिणाम संभवतात. एकही निकष बिघडलेला नसल्यास आजार नियंत्रित, एक किंवा दोन बिघडल्यास अंशतः नियंत्रित आणि तीन किंवा अधिक बिघडल्यास अनियंत्रित समजतात.

लक्षणांचा त्रास शून्य ते दहा अशा मोजपट्टीवर रुग्ण स्वतः दर्शवतो; पाचाच्या वरचा आकडा त्रासदायक मानतात. स्नॉट-२२ या प्रश्नावलीत २२ प्रश्न असून प्रत्येकाला शून्य ते पाच गुण असतात. एकूण गुण जितके अधिक, तितका त्रास अधिक. गंधज्ञान मात्र हळूहळू कमी होत गेल्यास रुग्णाच्या ध्यानात येतेच असे नाही. स्वयंपाकाच्या गॅसची गळती किंवा नासलेले अन्न न कळण्याचा धोका असल्याने त्याची स्वतंत्र चाचणी उपयुक्त ठरते.

आजार अनियंत्रित ठरल्यास शस्त्रक्रिया किंवा जैविक औषधांचा विचार होतो. तत्पूर्वी निदान बरोबर आहे का, रुग्ण मिठाच्या पाण्याने नाक नियमित धुतो का आणि नाकातील फवारा योग्य रीतीने मारतो का, हे पडताळून पाहणे आवश्यक असते.