विहाराच्या कपाटात काय ठेवायचे?

आमच्या वस्तीतील विहारात एक लोखंडी कपाट आहे. खालच्या दोन कप्प्यांत सतरंज्या, पताका आणि जयंतीच्या कार्यक्रमाचे सामान. वरच्या तीन कप्प्यांत पुस्तके. यंदा जयंतीच्या वर्गणीतून चार हजार रुपये शिल्लक राहिले. कुणी म्हणाले पातेली घेऊ, कुणी म्हणाले माईक नवा घेऊ. महिला मंडळाने मात्र पुस्तकेच घ्यायची असे ठणकावून सांगितले आणि विषय मिटला असे सर्वांना वाटले. खरा वाद तिथूनच सुरू झाला. पुस्तके घ्यायची, पण कोणती?

रविवारची वंदना आटोपली की आम्ही पंधरावीस जण विहाराच्या ओट्यावर बसतो. चहा येतो. त्यात रेल्वेतून निवृत्त झालेले फिटरकाका असतात, एम.ए. करणारी एक मुलगी असते, नोकरीच्या परीक्षा देणारी पोरे असतात आणि आठवीतला एक मुलगा असतो, जो पुस्तकात डोके खुपसून बसलेला असतो. या मुलामुळेच ठिणगी पडली. त्याच्या हातात नारायण धारपांची भयकादंबरी होती. फिटरकाकांनी मुखपृष्ठ पाहिले आणि कडाडले, “विहारात भूतखेतं? बावीस प्रतिज्ञा घेतल्या त्या कशासाठी?”

पोरगा घाबरला नाही. म्हणाला, “आजोबा, भूत खोटंच असतं. पण पुढं काय होतं ते कळायला पाहिजे ना!”

ओट्यावर हशा पिकला. काका मात्र हसले नाहीत. त्यांचे म्हणणे उडवून लावण्यासारखे नव्हतेच. आपल्या माणसाला वाचायला मिळाले ते फुकट मिळालेले नाही. अठरा अठरा तास अभ्यास करणाऱ्या बापाची लेकरे आपण, मग चार हजारांतला एक रुपया तरी भुताच्या गोष्टींवर का घालवायचा? महापुरुषांची चरित्रे घ्या, ग्रंथांचे खंड घ्या, परीक्षांची मार्गदर्शके घ्या. बाकीचा कचरा नको. बैठकीतल्या निम्म्या लोकांनी माना डोलावल्या.

वाचकहो, मला तेव्हा माझे लहानपण आठवले. १९७५च्या सुमारास तालुक्याच्या गावी एक सार्वजनिक वाचनालय होते. तिथला माणूस आम्हाला पुस्तक हातात देत नसे. टेबलावर टाकायचा आणि रजिस्टर पुढे सरकवायचा. कोणते पुस्तक चांगले, हे आम्ही त्याला विचारायचे आणि त्याने सांगायचे, हा तर प्रश्नच नव्हता. मग आम्ही पानाच्या टपरीवर जायचो. तिथे दहा पैसे रोजाने बाबुराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा मिळत. झुंजार, काळा पहाड! अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या आणि त्या वाचून मराठी मुलुखातल्या किती पोरांना वाचनाची चटक लागली याचा हिशेब कुठल्या साहित्य संमेलनाने मांडला आहे? त्या कथांत आमची वस्ती मला तरी कधी सापडली नाही, ही माझी तक्रार आजही आहे. पण अक्षरावरून नजर भरभर पळवायला मी तिथेच शिकलो. त्याच टपरीवाल्याने एक दिवस विचारले, “काय वाचतोस रे? हे वाच आता,” आणि ‘फकिरा’ माझ्या हातात ठेवली. हातात, बरे का!

हे मी ओट्यावर सांगितले तेव्हा काका म्हणाले, “फकिराची गोष्ट वेगळी. अण्णाभाऊंनी ती बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केलीय.” खरे आहे. पण १९५९ साली आलेल्या या कादंबरीत घोडदौड आहे, लूट आहे, पाठलाग आहे, सीमेवर जोगणीसाठी झालेली हाणामारी आहे. आजही एस.टी. स्टँडवरच्या स्टॉलवर अण्णाभाऊंची पुस्तके दिसतात. प्रस्थापित समीक्षकांनी बराच काळ या लेखनाला रंजक म्हणून बाजूला ठेवले, ते याच कारणाने. म्हणजे जे ते अण्णाभाऊंना म्हणत होते, तेच आपण या पोराच्या पुस्तकाला म्हणतो आहोत काय, एवढेच मला विचारायचे होते.

इथे एम.ए.ची मुलगी बोलली. तिने यादीसाठी व्हिक्टर ह्यूगोची ‘ले मिझराब्ल’ सुचवली. १८६२ सालची ही फ्रेंच कादंबरी साने गुरुजींनी ‘दुःखी’ या नावाने मराठीत आणली. बाबासाहेबांच्या डोळ्यांत पाणी आणणाऱ्या पुस्तकांत तिचे नाव सहकाऱ्यांच्या आठवणींतून सांगितले जाते; सोबत टॉलस्टॉयचे चरित्र आणि थॉमस हार्डीची एक कादंबरी. कथा साधी आहे. ज्याँ वाल्ज्याँ हा मजूर बहिणीच्या सात भुकेल्या लेकरांसाठी एक पाव चोरतो. शिक्षा होते पाच वर्षे. पळून जाण्याच्या प्रयत्नांमुळे ती वाढत वाढत एकोणीस वर्षे होते. सुटल्यावर कुणी त्याला थारा देत नाही. एक बिशप देतो. त्याचीच चांदीची भांडी हा चोरतो आणि पकडला जातो, तर बिशप पोलिसांना सांगतो की भांडी मीच दिली होती.

काकांना हे पटले नाही. त्यांनी पुस्तक वाचलेले होते, हे आम्हाला त्या दिवशी कळले! म्हणाले, “पाव चोरला म्हणून एकोणीस वर्षं, इथवर ठीक. पण पुढं सगळं बिशपच्या दयेवर. आपल्याला दया नको, हक्क पाहिजे. फकिरा बघ, दुष्काळात धान्य लुटतो ते एकट्याच्या पोटासाठी नाही. साऱ्या उपाशी माणसांसाठी लुटतो. आणि शेवटी स्वतःला धरून देतो तेही आपल्या माणसांसाठीच.”

मुलगी म्हणाली, “काका, वाल्ज्याँला बिशपनं सोडलं, कायद्यानं कुठं सोडलं? तो इन्स्पेक्टर जाव्हेर जन्मभर त्याच्या मागं आहे. एकदा कपाळावर शिक्का बसला की माणूस कितीही मोठा झाला तरी शिक्का पुसला जात नाही. कारखानदार होतो, शहराचा महापौर होतो, तरी कैदीच. हे आपलं नाही?”

काका गप्प झाले. मग म्हणाले, “घे ते. लिही यादीत.” मला विचाराल तर दोघांचेही बरोबर होते. हक्कासाठी लढणाऱ्याला रडता येऊ नये असे थोडेच आहे?

परीक्षा देणाऱ्या पोरांपैकी एकाने मग प्लेटोचे नाव काढले. मोबाईलवर कुठलेसे व्याख्यान ऐकून तो भारावला होता. राज्य तत्त्वज्ञ राजाने करावे, प्रत्येकाने आपापल्या गुणाप्रमाणे काम करावे, ‘रिपब्लिक’ घ्यायलाच पाहिजे, असा त्याचा आग्रह. काका उठले, कपाट उघडले आणि महाराष्ट्र शासनाने १९७९ साली काढलेला बाबासाहेबांच्या लेखनाचा पहिला खंड घेऊन आले. त्यात ‘जातिसंहार’ आहे, १९३६चा. बाबासाहेबांनी तिथे चातुर्वर्ण्याचे गोडवे गाणाऱ्यांना उत्तर देताना प्लेटोलाच समोर घेतले आहे. प्लेटोने माणसांचे तीन वर्ग केले : वासनेने चालणारे श्रमिक, शौर्याने चालणारे रक्षक आणि विवेकाने चालणारे शासक. बाबासाहेबांचा आक्षेप असा, की माणसे अशी तीन डब्यांत बसत नाहीत. प्रत्येक माणूस वेगळा, आणि एकेका माणसात कितीतरी प्रवृत्ती एकत्र नांदतात. प्लेटोला हे वेगळेपण दिसले नाही.

पोरगा हिरमुसला. पण मुलीने त्याची बाजू उचलली. प्लेटो निदान एवढे तरी म्हणतो की सोन्याच्या आईबापांना लोखंडाचे मूल होऊ शकते, आणि तसे झाले तर त्याला खाली पाठवा. लोखंडाच्या पोटी सोने निघाले तर वर घ्या. मनूने ती फटसुद्धा ठेवली नाही. मग प्लेटो आणि मनू एकाच तराजूत कसे? हा मुद्दा बिनतोड होता. काका म्हणाले, एकाच तराजूत नकोत, पण वर कोण आणि खाली कोण हे ठरवणारा तो कोण? पोरगा म्हणाला, तत्त्वज्ञ राजा. “आणि त्याला कुणी नेमलं?” या प्रश्नावर चहाचा दुसरा फेरा झाला. ‘रिपब्लिक’ यादीत गेले. विरोधकाला त्याच्याच पुस्तकातून ओळखावे. नित्शेने मनुस्मृतीची तारीफ केली हे आपल्याला ठाऊक आहे, कारण बाबासाहेबांनी नित्शे वाचला होता. न वाचता शिव्या दिल्या नव्हत्या. (नित्शे मात्र यादीत आला नाही. महिला मंडळाच्या अध्यक्ष म्हणाल्या, एवढ्या पैशात ‘आयदान’ आणि ‘जिणं आमुचं’च्या दोन दोन प्रती येतात. त्यांच्यापुढे कोण बोलणार?)

असल्या वादाला वेळेचा अपव्यय म्हणणारे आपल्यात पुष्कळ आहेत. त्यांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथासाठी बाबासाहेबांनी एप्रिल १९५६ मध्ये लिहिलेली प्रस्तावना पाहावी. तीत ते आपल्या घरातला वाद सांगतात. वडील रामजी सुभेदार मुलांकडून रामायण-महाभारत वाचून घेत. भीमरावाने विचारले, हे आम्ही का वाचायचे? वडील म्हणाले, आपण अस्पृश्य, मनात न्यूनगंड येतो. द्रोण, कर्ण, वाल्मीकी हे खालून किती वर चढले ते पाहा. उत्तर कळकळीचे होते, पण मुलाचे समाधान झाले नाही. भीष्म, द्रोण, कृष्ण यांच्यापैकी कुणीच त्याला भावले नाही. रामाचे वालीशी आणि सीतेशी वागणे त्याला खटकले. वडिलांनी सुचवलेले पुस्तक मुलाने वाचले, आणि वाचून नाकारले! कोवळ्या वयातला हा वाद बापाने ऐकून घेतला, हे मला फार मोठे वाटते.

याच प्रस्तावनेत कृष्णाजी अर्जुन केळूसकर येतात. चर्नी रोडच्या बागेत एक शाळकरी मुलगा रोज वाचत बसलेला त्यांना दिसे. त्यांनी चौकशी केली, पुस्तके द्यायला लागले. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाला तेव्हा सत्कारात त्यांनी स्वतः लिहिलेले गौतम बुद्धाचे चरित्र त्याला भेट दिले. आणखी एकोणपन्नास वर्षांनी नागपूरला काय घडले हे या पानाच्या वाचकाला सांगायला नको. केळूसकर गुरुजींनी त्या मुलाला ‘परीक्षेला उपयोगी’ पुस्तक दिले नव्हते. मॅट्रिक तर तो झालाच होता. आणि त्याच्याही आधी जोतीरावांनी मित्रांसह थॉमस पेनचे ‘राइट्स ऑफ मॅन’ वाचले, ते कुठल्या अभ्यासक्रमात होते?

आपल्याकडे वादाचीही परंपरा आहे. बाबासाहेबांच्या औरंगाबादच्या महाविद्यालयाला मिलिंद हे नाव उगीच नाही. नागसेन भिक्खू मिलिंद राजाला अट घालतात की पंडित वाद करतात तसा वाद करणार असाल तर बसू, राजे करतात तसा नको. पंडित चूक दाखवली की मान्य करतो, रागावत नाही. राजा मतभेद करणाऱ्याला शिक्षा करतो. आमच्या ओट्यावर हे नेहमीच जमते असे नाही. एकदा ‘दलित’ शब्दावरून दोघे महिनाभर एकमेकांशी बोलत नव्हते.

राहता राहिला आठवीतला पोरगा. त्याची बाजू शेवटी मुलीनेच मांडली. ऑक्टेव्हिया बटलर या अमेरिकेतील कृष्णवर्णीय लेखिकेच्या ‘किंड्रेड’ (१९७९) या कादंबरीची गोष्ट तिने सांगितली. १९७६ सालची एक शिकलेली काळी बाई अचानक काळाच्या मागे, गुलामगिरीतल्या मेरीलँडमध्ये ओढली जाते. पुन्हा पुन्हा. तिथून परतताना अखेरीस तिचा एक हात जातो. कालप्रवासाची, म्हणजे ‘टाइमपास’ जातीची ही गोष्ट. पण गुलामाच्या पाठीवरचा फटका आजच्या वाचकाच्या पाठीवर उमटतो तो त्या युक्तीमुळेच. “आपल्याकडची एखादी मुलगी अशी पेशवाईत जाऊन पडली तर?” ती म्हणाली. कुणी काही बोलले नाही. ओट्यावर असा शांतपणा फार क्वचित असतो. ‘गुलामगिरी’ (१८७३) हे पुस्तक जोतीरावांनी गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील लोकांना अर्पण केले होते, हे मला तेव्हा आठवले. मराठीत अशी कादंबरी कुणी लिहील काय, याची मी वाट पाहतो आहे.

मग मी तडजोड सुचवली. भूतच हवे असेल तर आर्थर कॉनन डॉयलची ‘हाउंड ऑफ द बास्करव्हिल्स’ घ्या. १९०२ सालच्या या कादंबरीत दलदलीत एक राक्षसी कुत्रा फिरतो, घराण्याला शाप आहे म्हणतात, सारे थरथर कापतात. शेरलॉक होम्स पुरावा पाहतो, बुटाचे माग काढतो आणि शाप-बीप काही नसून वारसाहक्काचा लोभ आहे हे दाखवून देतो. ऐकीव म्हणून मानू नका, ही कालामांना दिलेली शिकवण याहून सोपी करून आठवीच्या पोराला कशी सांगणार? गंमत म्हणजे स्वतः डॉयल उतारवयात मृतात्म्यांशी बोलण्याच्या नादी लागले आणि पऱ्यांच्या फोटोंवरही त्यांनी विश्वास ठेवला. लेखक फसला, त्याचा गुप्तहेर नाही फसला. काका या किश्श्यावर पहिल्यांदा हसले.

पुस्तक आले. कपाटातल्या वहीत नोंद झाली. पहिले नाव कुणाचे असेल असे वाटते? फिटरकाकांचे. पोराने विचारले तर म्हणाले, “आधी तपासून बघतो, मग तुला.” तीन रविवार झाले, पुस्तक अजून त्यांच्याकडेच आहे. पोरगा रोज त्यांच्या दारावरून जातो आणि ओरडतो, “आजोबा, कुत्रा सापडला का?”