रुंद सागवानी टेबल एका फळीचं का नसतं?

नव्वद सेंटीमीटर रुंदीचं टेबल एकाच फळीतून काढायचं तर निदान तेवढ्या व्यासाचा साग हवा, आणि तो आता सहज मिळत नाही. म्हणून सुतार दहा-बारा सेंटीमीटरच्या फळ्या कडेला कड लावून जोडतात. सांधा नीट जमला तर जोर लावल्यावर शेजारचं लाकूड आधी फाटतं, सांधा नाही!

खरं कसब रंध्यात आहे. जोडीच्या दोन फळ्या मिटलेल्या पुस्तकासारख्या धरून दोन्ही कडा एकदमच रंधतात. रंधा किंचित कलला तरी एका कडेचा कल दुसरी भरून काढते. मग एक फळी दुसरीवर उभी करून उजेडासमोर बघायची. टोकांशी उजेड दिसता कामा नये. मधोमध कागदाएवढी फट मुद्दाम ठेवणारे जाणकार आहेत, कारण टोकं लवकर सुकतात आणि आक्रसतात.

पूर्वी सरस तापवावा लागे. १९५९ साली फेविकॉल बाजारात आलं आणि ती दगदग संपली. क्लॅम्प आवळल्यावर सांध्याच्या पूर्ण लांबीवर बारीक थेंब फुटले, की गोंद पुरेसा लागलाय.

सर्वात दुर्लक्षित गोष्ट म्हणजे लाकडाची हालचाल. ओल चार टक्क्यांनी वाढली तर साध्या चिराईचं ९० सेंटीमीटर सागवान रुंदीत सहा-सात मिलिमीटर फुगतं. लांबीत जवळपास काहीच नाही. त्यामुळे पृष्ठभाग खालच्या चौकटीला कधीही चिकटवू नये. लांबट भोकांतून स्क्रू बसवले की कोकणातल्या पावसाळ्यातही त्याला सरकायला जागा राहते.