श्रोणितल-विकार प्रश्नावली

श्रोणीच्या तळाशी असणारे स्नायू व संयोजी ऊतक (श्रोणितल) शिथिल झाल्यामुळे किंवा त्यांना इजा पोहोचल्यामुळे स्त्रियांमध्ये उद्भवणाऱ्या लक्षणांची नोंद करणारी प्रमाणित प्रश्नमालिका. खोकताना मूत्र गळणे, मलविसर्जनावर ताबा न राहणे आणि गर्भाशय वा योनिभित्ती खाली सरकणे ही त्यांतील प्रमुख लक्षणे होत. लज्जेमुळे अनेक स्त्रिया ती वैद्यासमोर बोलून दाखवीत नाहीत. शिवाय तपासणीत दिसणारा भ्रंश व प्रत्यक्ष होणारा त्रास यांचे प्रमाण सारखे असतेच असे नाही. म्हणून उपचार ठरविताना रुग्णेच्या स्वतःच्या उत्तरांना महत्त्व येते.

अमेरिकेत मॅथ्यू बार्बर व त्यांचे सहकारी यांनी २००१ मध्ये अशा दोन विस्तृत प्रश्नावल्या प्रसिद्ध केल्या. त्यांची संक्षिप्त रूपे २००५ मध्ये प्रसिद्ध झाली. त्रासाची मोजणी करणाऱ्या संक्षिप्त प्रश्नावलीत भ्रंशाविषयी ६, मलाशय व गुदद्वारासंबंधी ८ आणि मूत्रविषयक ६ असे एकूण २० प्रश्न आहेत. लक्षण नसल्यास शून्य, असल्यास त्रासाच्या तीव्रतेनुसार १ ते ४ गुण देतात. प्रत्येक गटातील उत्तरित प्रश्नांच्या सरासरीस २५ ने गुणतात. त्यामुळे गटाचे कमाल गुण १०० व एकूण ३०० होतात. दुसरी, ७ प्रश्नांची प्रश्नावली दैनंदिन व्यवहारावरील परिणामांविषयी आहे.

या प्रश्नावल्या मूलतः कागदावर भरावयाच्या होत्या. कागदावर प्रश्न सुटणे, एकाच प्रश्नास दोन खुणा होणे व गुण उतरवून घेताना चुका होणे हे दोष संभवतात. संगणकीय (ऑनलाइन) प्रश्नावलीत ते टाळता येतात व गुण तत्काळ मिळतात. मात्र उत्तर दिल्याखेरीज पुढे जाऊ न देणारी रचना अशा नाजूक विषयात इष्ट नव्हे. संकोचलेली स्त्री एक तर प्रश्नावली अर्धवट सोडते किंवा खोटे उत्तर देते.

माध्यम बदलल्याने गुण बदलतात काय, हे पाहण्यासाठी त्याच स्त्रियांकडून दोन्ही प्रकार भरून घेतात. दोहोंतील अंतर फार कमी ठेवल्यास आधीची उत्तरे स्मरणात राहतात, फार वाढविल्यास विकारच पालटतो. अमेरिकेतील २००८ च्या एका अभ्यासात दोन्ही प्रकारांचे गुण परस्परांशी चांगले जुळले. तथापि स्वतः वाचून उत्तरे देणाऱ्या स्त्रियांवरून काढलेला हा निष्कर्ष निरक्षर रुग्णांना लागू पडत नाही. घरातील सामाईक मोबाइलवर उत्तरे भरताना एकांतही मिळेलच असे नाही. भाषांतरात केवळ शास्त्रीय संज्ञा पुरत नाही : ‘योनिभ्रंश’ या शब्दाने न उमगणारा प्रश्न ‘अंग बाहेर येते काय?’ असे विचारताच मराठी स्त्रीस कळतो.