उजेडाची ओळख पटवणारा माणूस



चुलीवरचं कालवण उतू जाऊन जाळात सांडलं, की जाळ पिवळाधमक होतो. हे तुम्ही कितीदा तरी पाहिलं असेल. तो पिवळा रंग मिठातल्या सोडियमचा. दिवाळीच्या दारूकामातला हिरवा रंग बेरियमचा आणि लाल स्ट्रॉन्शियमचा. प्रत्येक मूलद्रव्याचे रंग ठरलेले असतात, आपल्या हाताच्या ठशांसारखे. रंगांवरून पदार्थ ओळखायच्या या विद्येला वर्णपटशास्त्र म्हणतात. सूर्यात काय काय आहे, हे माणसाला इथं बसून कळलं ते याच विद्येमुळे.

या विद्येला लेसरची जोड देणाऱ्यांत आर्थर शॉलो यांचं नाव मोठं. त्यांचा जन्म अमेरिकेत 1921 साली झाला, पण ते लहानाचे मोठे झाले कॅनडातल्या टोरांटोत. त्यांना रेडिओ इंजिनिअर व्हायचं होतं. काळ मंदीचा होता, घरची ऐपत बेताची होती आणि इंजिनिअरिंगला शिष्यवृत्ती नव्हती. गणित आणि भौतिकशास्त्राला होती. ती मिळवून ते सोळाव्या वर्षी टोरांटो विद्यापीठात गेले. परिस्थितीनं वाट बदलली, पण शिक्षण सुटलं नाही.

पुढे न्यूयॉर्कला चार्ल्स टाउन्स या शास्त्रज्ञांच्या हाताखाली काम करताना त्यांच्या बहिणीशी, ऑरेलियाशी, त्यांचं 1951 साली लग्न झालं. मग या मेव्हण्या-मेव्हण्यांनी 1958 साली एक लेख लिहिला आणि लेसर कसा बनवता येईल ते मांडलं. दोन आरसे समोरासमोर ठेवायचे आणि त्यांच्यामध्ये उजेड पुन्हा पुन्हा फिरवून वाढवायचा, अशी ती कल्पना. प्रत्यक्षातला पहिला लेसर 1960 साली थिओडोर मायमन यांनी माणकाच्या कांडीपासून बनवला.

दिव्याच्या उजेडात अनेक रंग मिसळलेले असतात आणि तो चहूकडे पसरतो. लेसरचा उजेड जवळजवळ एकाच रंगाचा असतो आणि सरळ रेषेत जातो. शॉलो व्याख्यानात एक गंमत दाखवत. पारदर्शक फुग्याच्या आत गडद रंगाचा दुसरा फुगा असे. त्यावर लाल लेसर सोडला, की आतला फुगा फुटे आणि बाहेरचा तसाच राही. कारण पारदर्शक फुग्यातून उजेड आरपार जातो, तर गडद फुगा तो शोषतो. मधुमेहामुळे डोळ्याचा पडदा खराब होतो, तेव्हा डॉक्टर लेसरनं उपचार करतात तेही याच तत्त्वावर. डोळा न कापता आतल्या पडद्यावर काम होतं.

1961 पासून शॉलो कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात शिकवू लागले. तिथं एक जुनी अडचण त्यांच्यापुढे होती. एसटी जवळ येते तेव्हा भोंगा बारीक ऐकू येतो, पुढे निघून गेली की जाड. उजेडाचंही तसंच होतं. वायूतले अणू सतत इकडेतिकडे धावत असतात, म्हणून त्यांचे रंग फिसकटलेले दिसतात. शॉलो आणि त्यांचे तरुण सहकारी थिओडोर हेन्श यांनी एकाच लेसरचे दोन किरण समोरासमोरून सोडले. एका किरणाकडे धावणारा अणू दुसऱ्यापासून लांब जात असतो. त्यामुळे दोन्ही किरणांना एकदम जुळतात ते फक्त या दिशेत न हलणारे अणू. तेवढ्यांचाच रंग टिपला, की रेघ स्वच्छ दिसते. 1972 साली त्यांनी हायड्रोजनच्या रंगरेषा अशाच बारकाईनं पाहिल्या. लेसर वर्णपटशास्त्रातल्या कामासाठी 1981 साली शॉलो यांना नोबेल पुरस्कार मिळाला. हेन्श यांना तो 2005 साली मिळाला.

आता त्यांच्या घराविषयी. त्यांना दोन मुली आणि एक मुलगा. मुलगा स्वमग्न, म्हणजे ऑटिझम असलेला. त्याला बोलणं फारसं जमत नव्हतं. त्या काळी अमेरिकेतले नामांकित तज्ज्ञसुद्धा म्हणत, की आईची माया कमी पडली म्हणून मूल असं झालं. हे साफ खोटं होतं, आणि पुढे तसं सिद्धही झालं. स्वमग्नतेत मेंदूची जडणघडणच वेगळी असते. ती आईच्या वागण्यानं होत नाही, ग्रहणानं होत नाही, लसीनंही होत नाही. शॉलो दांपत्यानं मुलाला लपवलं नाही. कॅलिफोर्नियातल्या पॅराडाईज गावी अशा व्यक्तींसाठी केंद्र उभं करायला शॉलो यांनी हातभार लावला. ते 1999 साली वारले.

मैत्रिणींनो, बाळ नावानं हाक मारली तरी वळून बघत नसेल, नजरेला नजर देत नसेल, बोट दाखवून काही मागत नसेल, दोन वर्षांचं होऊनही बोलत नसेल, तर “बोलेल उशिरा” म्हणून थांबू नका. अंगणवाडीताईंना किंवा आशाताईंना सांगा. बाळाचे कान तपासून घ्या. जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राची चौकशी करा. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नतेचा समावेश आहे, त्यामुळे दिव्यांग प्रमाणपत्र मागायचा हक्क तुम्हाला आहे.

आणि गटात अशा मुलाची आई असेल, तर तिला बोल लावू नका. दवाखान्यात जाताना तिच्यासोबत जा.