संसार सांभाळून गायलेले वसंतराव

‘कट्यार काळजात घुसली’ या संगीत नाटकाचा पहिला प्रयोग डिसेंबर 1967 मध्ये झाला, तेव्हा खाँसाहेब आफताब हुसेन बरेलीवाले साकारणारे वसंतराव देशपांडे सत्तेचाळीस वर्षांचे होते. इतर गवयांची कीर्ती या वयापर्यंत गावोगाव पोचलेली असते. वसंतरावांची त्याआधीची जवळपास दोन तपं मात्र लष्करी हिशेब खात्यात कारकुनी करण्यात गेली होती.

या नोकरीबद्दल अनेक जण हळहळतात. गाण्याचं नुकसान झालं, हे खरंच. पण ती नोकरी का धरली, हे पाहिल्याशिवाय वसंतराव कळत नाहीत. त्यांचा जन्म 2 मे 1920 चा, मूर्तिजापूरचा. वडिलांचं छत्र नव्हतं. आई राधाबाईंनी नागपुरात एकटीच्या बळावर त्यांना वाढवलं आणि त्या ओढाताणीतही मुलाचं गाणं सुटू दिलं नाही. शंकरराव सप्रे यांच्याकडे शिक्षण सुरू झालं. लहान वयातच भालजी पेंढारकरांच्या ‘कालियामर्दन’मध्ये त्यांनी कृष्ण केला. अशा आईच्या मुलाला घरात दर महिन्याला येणाऱ्या पगाराचं मोल वेगळं सांगावं लागत नाही. पुढे स्वतःचा संसार झाला, पदरी मुलं आली, आणि त्यांनी पुण्यात नोकरी धरून ठेवली.

दिवसभर खर्डेघाशी आणि उरलेल्या वेळात गाणं. तरी शिकणं थांबलं नाही. तरुणपणी मामांबरोबर लाहोरला गेले असताना असद अली खाँ यांच्याकडून त्यांना मारवा हा राग मिळाला होता. पुढे सुरेशबाबू माने, अमान अली खाँ, अंजनीबाई मालपेकर यांच्याकडूनही त्यांनी घेतलं, आणि मास्टर दीनानाथांच्या गायकीचं वेड तर कायमचंच होतं. एका घराण्याची चौकट त्यांना बसत नव्हती, म्हणून शुद्ध परंपरेचा आग्रह धरणारे नाकं मुरडत. माझ्या मते त्यांचं मोठेपण नेमकं तिथेच आहे.

त्यांचा मारवा ऐकून पाहा. या रागात पंचम नाही आणि षड्जावर फार वेळ टेकायचं नाही. कोमल रिषभ आणि धैवत यांच्यात सूर अधांतरी राहतो. बहुतेक गवई इथे कातरवेळेची हुरहूर रंगवतात. वसंतराव ती अस्वस्थता धसमुसळेपणाने अंगावर घेतात. तान अनपेक्षित जागेवरून उसळते, लयीशी झोंबते आणि समेवर अशी येते की ऐकणारा दचकतो. तबल्यावर त्यांचा स्वतःचा हात उत्तम होता, ते इथे कळतं.

साठच्या दशकात त्यांची ईशान्येकडे नेफात (आजच्या अरुणाचल प्रदेशात) बदली झाली. गाण्यापासून इतकं दूर जाणं जिवावर येणारं होतं. बेगम अख्तर यांनी त्यांना नोकरी सोडून फक्त गाण्याचा आग्रह केला होता. अखेर त्यांनी नोकरी सोडली आणि मग ‘कट्यार’ आली: पुरुषोत्तम दारव्हेकरांचं लेखन, जितेंद्र अभिषेकींचं संगीत, प्रभाकर पणशीकरांची ‘नाट्यसंपदा’ ही नाट्यसंस्था. ‘घेई छंद मकरंद’ हे एकच पद नाटकात दोन चालींत येतं. खाँसाहेबांच्या प्रतिस्पर्धी गवयाच्या भूमिकेतले प्रसाद सावकार ते धानी रागात गात, वसंतराव सालगवराळीत. दोन घराण्यांचं भांडण एका पदातून प्रेक्षकाला कळायचं.

‘अष्टविनायक’ (1979) या चित्रपटात ते नायिकेचे वडील झाले. मुलगी सासरी निघते तेव्हाचं ‘दाटून कंठ येतो’ गाताना हा उसळता गळा किती आवरता घेतलाय, हे लक्ष देऊन ऐकण्यासारखं आहे. कर्तबगारी दाखवायची जागा होती. त्यांनी ती दाखवली नाही, बाप गायला. घर जपलेल्या माणसालाच हे सुचतं, असं मला मनापासून वाटतं.

संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार 1982 मध्ये मिळाला आणि 30 जुलै 1983 रोजी ते गेले. नोकरी सुटल्यानंतरच्या वीसेक वर्षांतच बहुतेक मोठं काम झालं. नातू राहुल तेव्हा चार वर्षांचाही नव्हता. त्याला आजोबा पुढे प्रामुख्याने ध्वनिमुद्रणांतूनच भेटले असणार. त्याच राहुल देशपांडे यांनी ‘कट्यार’ पुन्हा रंगभूमीवर आणली. त्यावरच्या 2015 च्या चित्रपटात खाँसाहेब झालेल्या सचिन पिळगांवकरांना त्यांनी आवाज दिला. हे सचिन म्हणजे ‘अष्टविनायक’चे नायक. 2022 मध्ये आलेल्या ‘मी वसंतराव’ या चित्रपटात राहुल स्वतःच आजोबा झाले. त्यातल्या गायनासाठी त्यांना सर्वोत्कृष्ट पार्श्वगायकाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

नव्या पिढीची वसंतरावांशी ओळख बहुधा नातवाच्या आवाजातूनच होते. त्यात वाईट काही नाही. पण तेवढ्यावर थांबू नका. दिवाळीच्या सुट्टीत एका संध्याकाळी घरातल्या मुलांना जवळ बसवा आणि आजोबांचा मारवा सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकवा.